सत्तावीस महिने गप्प बसलेल्या पेशी

मूल तेवीस महिन्यांचं झालं होतं आणि गेले पाच महिने त्याच्या पोटात औषधाचा एक थेंब गेला नव्हता. अमेरिकेतल्या जॅक्सन शहरात, मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, बालरोगतज्ज्ञ डॉ. हॅना गे यांनी त्याचं रक्त तपासणीला पाठवलं, तेव्हा रिपोर्ट काय येणार याबद्दल त्यांना फारशी शंका नव्हती. एचआयव्हीची औषधं थांबली की बहुतेकांच्या रक्तात दोन-चार आठवड्यांत विषाणू उसळी मारतो. इथे तर पाच महिने लोटले होते. आकडा हजारांत येईल की लाखांत, एवढंच बघायचं होतं. रिपोर्ट आला: विषाणू आढळला नाही. पुन्हा रक्त काढलं, पुन्हा तेच. गे यांना आनंद व्हायच्या आधी धास्तीच वाटली. आपण दीड वर्षं एका निरोगी बाळाला तर एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, पाजत नव्हतो ना?

पुढे जगभर ‘मिसिसिपी बेबी’ म्हणून गाजलेलं मूल ते हेच. वर्तमानपत्रांनी त्याला आधी पूर्ण बरं करून टाकलं आणि मग सव्वा वर्षात विसरून गेली. रोगप्रतिकारशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारखीला मात्र ते अजून सोडवत नाही. स्मृतिपेशी म्हणजे काय आणि एचआयव्ही त्यांचं काय करतो, हे या एका मुलाच्या रिपोर्टांत जितकं उघड दिसतं तितकं मला पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांत कधी दिसलेलं नाही.

पहिला महिना

जुलै २०१०. मिसिसिपीतल्या एका ग्रामीण रुग्णालयात एक बाई कळा सुरू झाल्यावर येऊन दाखल झाली. गरोदरपणात एचआयव्हीचं कुठलंही औषध तिला मिळालेलं नव्हतं. प्रसूतीच्या वेळी केलेल्या रॅपिड टेस्टमध्येच तिला लागण असल्याचं कळलं. एरवी अशा आईला महिनोन्‌महिने औषधं देऊन तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, खाली आणतात आणि जन्मल्यावर बाळाला प्रतिबंधक सिरप देतात. इथे आईच्या उपचाराचा सगळा काळ हातातून गेला होता. बाळ ३५ आठवड्यांचं, दिवस पुरे व्हायच्या आधीच आलेलं. त्याला जॅक्सनला हलवलं.

गे यांनी रिपोर्टची वाट पाहिली नाही. बाळ तीस तासांचं असताना झिडोवुडिन, लॅमिवुडिन आणि नेविरॅपिन अशी तीन औषधं उपचाराच्या डोसमध्ये सुरू केली. त्या सुमारास काढलेल्या रक्तात विषाणूचा डीएनए निघाला, आणि तासाभराने काढलेल्या दुसऱ्या नमुन्यात एका मिलिलिटरमागे विषाणूच्या १९,८१२ प्रती. जन्मल्यानंतर दोन दिवसांच्या आत विषाणू सापडला की लागण पोटात असतानाच झाली असं मानतात.

पुढचे आकडे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: १९,८१२, मग २,६१७, मग ५१६, मग २६५, आणि २९व्या दिवशी ४८च्या खाली, म्हणजे नेहमीच्या यंत्राला दिसेनासा. विद्यार्थी म्हणतात, औषधांनी विषाणू मारला. औषधं तसं काही करत नाहीत. ती फक्त नव्या पेशीला लागण होऊ देत नाहीत. आधीच लागण झालेल्या आणि विषाणू ओकत बसलेल्या पेशी एक-दोन दिवसांतच मरतात. त्यांची जागा घ्यायला नव्या पेशी मिळेनाशा झाल्या की आकडा असा घरंगळत खाली येतो. म्हणजे ही उतरण हा मरणाऱ्या पेशींचा हिशेब आहे. ज्या मेल्या नाहीत त्या या हिशेबात कुठेच येत नाहीत.

बियाण्यातली कीड

गोवर एकदा येऊन गेला की पुन्हा येत नाही, हे आपल्या आज्यांना लिम्फोसाइट (जंतूंशी लढणारी पांढरी पेशी) हा शब्द न ऐकताही माहीत होतं. त्यामागचं काम असं चालतं. शरीरात कोट्यवधी कोऱ्या टी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) फिरत असतात आणि प्रत्येकीला एकच कुठलातरी जंतू ओळखता येतो. तो जंतू आला की ती पेशी जागी होते, फुगते, भराभरा विभागते आणि तिची फौज होते. लढाई संपली की फौजेतल्या बहुतेक पेशी मरतात. थोड्या उरतात, त्या आकसतात, कामकाज बंद करतात आणि लसिकाग्रंथींत, आतड्यात, अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं पडून राहतात. शेतकरी हंगाम संपल्यावर चांगलं बी निवडून कणगीत राखून ठेवतो, तसंच. पुन्हा तोच जंतू आला की हे बी काही दिवसांत उगवतं. याच स्मृतिपेशी.

एचआयव्ही सीडी-४ या प्रकारच्या टी-पेशीत शिरतो आणि आपल्या आरएनएचा डीएनए करून तो त्या पेशीच्या गुणसूत्रात शिवून टाकतो. एकदा शिवला की तो पेशीचाच भाग झाला. जागी पेशी असेल तर विषाणूच्या प्रती धडाधड निघतात आणि पेशी मरते. पण फौजेतली एखादी पेशी लागण झाल्यावर नेमकी विश्रांतीकडे वळत असेल, तर तिची सगळी यंत्रं बंद पडतात आणि त्याबरोबर विषाणूचंही. विषाणूला स्वतःचं असं इंजिन नाही, तो पेशीच्याच इंजिनावर चालतो. पेशी झोपली की तोही झोपला. बाहेरून बघाल तर दाणा अख्खा, चकचकीत. आत कीड आहे हे पेरल्याशिवाय कळत नाही.

१९९७ मध्ये अमेरिकेतल्या तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की उत्तम उपचार चालू असलेल्या रुग्णांतही अशा झोपलेल्या सीडी-४ पेशींतून, त्यांना प्रयोगशाळेत डिवचल्यावर, जिवंत विषाणू निघतो. अशी पेशी साधारण दहा लाख झोपलेल्या सीडी-४ पेशींमागे एक. पुढे जॉन्स हॉपकिन्समधल्या रॉबर्ट सिलिसियानो यांच्या गटाने हा साठा किती वेगाने आटतो ते मोजलं. निम्मा व्हायला ४४ महिने. वर्गात मी यापुढचं गणित मुलांकडूनच करून घेते. समजा शरीरात अशा दहा लाख पेशी आहेत. दहा लाखांचं एकावर यायला वीस वेळा निम्मं व्हावं लागतं. वीस गुणिले ४४, म्हणजे ८८० महिने. सुमारे ७३ वर्षं. हे उत्तर आलं की वर्ग जरा वेळ गप्प होतो.

आणि हा साठा नुसता पडून असतो असंही नाही. आपली संख्या टिकवण्यासाठी स्मृतिपेशी मधूनमधून विभागतात. विभागताना गुणसूत्राची नक्कल होते, तेव्हा त्यात शिवलेल्या विषाणूचीही होते. इथे नवी लागण कुठेच नाही, त्यामुळे औषधाला अडवायला काही नाही. शरीर मुकाट्याने किडकं बी वाढवत राहतं.

नवजात बाळात ही कणगी जवळजवळ रिकामी असते. त्याच्या बहुतेक टी-पेशी कोऱ्या, कारण त्याने अजून जग पाहिलेलं नसतं. थोड्याफार स्मृतीच्या वळणाच्या पेशी आतड्याच्या अस्तरात असतात, तेवढ्याच. गे यांच्या तीस तासांच्या घाईचं मोल इथे आहे. विषाणूला बसायला जागाच कमी होती, आणि ती भरायच्या आत दार लागलं.

निगेटिव्ह, निगेटिव्ह, निगेटिव्ह

मूल १८ महिन्यांचं असताना घरच्यांनी औषध थांबवलं आणि दवाखान्यात यायचं सोडलं. का, त्यात मी शिरत नाही. औषध रोज, दिवसातून दोनदा, चवीला कडू, आणि मूल दिसायला ठणठणीत, हे चित्र कुठल्याही देशातल्या एआरटी सेंटरवर काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. शोधाशोध होऊन मूल परत आलं, तेव्हाचा रिपोर्ट वर आलाच आहे.

गे यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या कॅथरिन लुझुरियागा यांना कळवलं, मग जॉन्स हॉपकिन्समधल्या डेबोरा पर्सो त्यात आल्या. आता नेहमीच्या चाचण्यांपलीकडच्या चाचण्या सुरू झाल्या. अतिसंवेदनशील तंत्राने पाहिलं तेव्हा विषाणूच्या डीएनएच्या अगदी पुसट खुणा दिसल्या. दोन कोटींहून जास्त झोपलेल्या सीडी-४ पेशी वेगळ्या करून, डिवचून पाहिल्या, पण वाढू शकणारा एकही विषाणू निघाला नाही. आई आणि मूल खरंच मायलेकरं आहेत, नमुन्यांची अदलाबदल झालेली नाही, हेही तपासलं. मुलाच्या जनुकांत एचआयव्हीपासून वाचवणारी काही खास देणगी आहे का ते पाहिलं, तर तीही नव्हती.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरीच नोंद. या मुलाच्या रक्तात एचआयव्हीविरुद्ध अँटिबॉडी नव्हत्या. विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशींचा प्रतिसादही नव्हता. विषाणू इतक्या लवकर दडपला गेला की मुलाच्या शरीराला त्याची नीट ओळखच झाली नाही. गोवराच्या लसीची आठवण ठेवू शकणाऱ्या शरीरात एचआयव्हीची आठवण शून्य होती. ३० महिन्यांपर्यंत नेहमीच्या सगळ्या चाचण्या निगेटिव्ह आल्या.

मार्च २०१३ मध्ये अटलांटातल्या परिषदेत हे प्रकरण मांडलं गेलं आणि एकच गलका झाला. काही जाणकारांनी तेव्हाच शंका काढली की बाळाला खरी लागण झालीच नसेल, आईच्या पेशी तेवढ्या त्याच्या रक्तात आल्या असतील. तेव्हा ही शंका कुणालाच निकालात काढता येत नव्हती.

आपल्याकडे या नोंदीचा थेट संबंध १८ महिन्यांच्या टेस्टशी येतो. आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात वर्ष-दीड वर्ष टिकतात, म्हणून महाराष्ट्रातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रांत, सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन विषाणूच शोधतात आणि अँटिबॉडीची शेवटची टेस्ट १८ महिन्यांनी करतात. पण ज्याला लागण झालीय आणि जन्मल्याबरोबर औषध सुरू झालंय, त्या बाळात ही टेस्ट खोटी आशा दाखवू शकते. कागदावर ‘निगेटिव्ह’ दिसतं, घरी पेढे वाटले जातात, सिरपची बाटली मागच्या फळीवर जाते. अँटिबॉडी नाही याचा अर्थ एवढाच की शरीराला आठवण नाही. विषाणू शरीरात नाही असं त्यातून निघत नाही. समुपदेशकांनी हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

औषध मिळालंच नसतं तर

हे मूल अपवाद आहे, आणि अपवादाची किंमत कळायला नेहमीचा रस्ता माहीत हवा. उपचार न मिळालेल्या, जन्मतः लागण झालेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी दुसऱ्या वाढदिवसाच्या आत दगावतात. मोठ्यांत आजार सावकाश पुढे सरकतो, पण स्मृतिपेशींची धूळधाण पहिल्या काही आठवड्यांतच होते. एचआयव्हीचा आवडता दरवाजा म्हणजे सीसीआर-५ नावाचा रिसेप्टर. तो कोऱ्या पेशींवर फारसा नसतो, स्मृतिपेशींवर असतो, आणि आतड्यातल्या स्मृतिपेशींवर तर खच्चून. माकडांतल्या एचआयव्हीच्या भावंडावर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात, लागण शिगेला पोहोचली असताना शरीरभरातल्या ३० ते ६० टक्के सीडी-४ स्मृतिपेशींत विषाणू सापडला होता. तेव्हा रुग्णाला फार तर चार दिवस ताप आल्यासारखं वाटतं. रक्तातला सीडी-४ चा आकडाही पुढे बराच काळ बरा दिसतो, कारण रक्तात शरीरातल्या लिम्फोसाइटचा जेमतेम दोन टक्के हिस्सा असतो.

त्यातही एक क्रूर खोच आहे. विषाणूला जाग्या पेशी लागतात. एचआयव्ही आल्यावर सगळ्यात आधी कोण जागं होणार? एचआयव्हीला ओळखणाऱ्या पेशीच. २००२ मध्ये दाखवलं गेलं की या पेशींत इतर स्मृतिपेशींपेक्षा विषाणूचा डीएनए जास्त असतो. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवायला जो पुढे येतो तोच आधी उचलला जातो, असं हे काम.

क्षयाचंही तसंच. मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही एआरटी सेंटरच्या बाहेर बाकावर बसलेल्यांत खोकणारे किती असतात ते बघा. क्षयाच्या जंतूला ओळखणाऱ्या सीडी-४ स्मृतिपेशी इतरांच्या आधी नाहीशा होतात. सायटोमेगॅलो या दुसऱ्या एका विषाणूला ओळखणाऱ्या पेशी मात्र त्याच शरीरात बराच काळ टिकतात. त्या एक रसायन सोडतात, ते सीसीआर-५ च्या दाराला जाऊन चिकटतं आणि एचआयव्हीला आत यायला वाव राहत नाही. क्षयाच्या पेशींकडे ही कडी नाही. म्हणूनच दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत, एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिल्याच वर्षात, सीडी-४ फारसे खाली गेलेले नसतानाही, क्षयाचं प्रमाण दुपटीने वाढलेलं दिसलं.

उरलेल्या पेशीही धड राहत नाहीत. विषाणू वर्षानुवर्षं समोर असला की त्याच्याशी लढणाऱ्या सीडी-८ पेशींना (लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी) विश्रांती मिळत नाही, आणि विश्रांती मिळाल्याशिवाय पेशी स्मृतिपेशी होत नाही. त्या अंगावर पीडी-१ नावाचा ब्रेक चढवतात आणि असून नसल्यासारख्या होतात. डर्बनमधल्या रुग्णांत २००६ मध्ये हे मोजलं गेलं: व्हायरल लोड जितका जास्त तितका हा ब्रेक घट्ट. अँटिबॉडीचं काम बघणाऱ्या बी-पेशींतही तेच. नेहमीच्या स्मृती-बी-पेशी कमी होतात आणि थकलेल्या, चटकन उत्तर न देणाऱ्या पेशी वाढतात. याचा हिशेब लसींच्या रजिस्टरात दिसतो: हिपॅटायटिस-बीच्या लसीला एचआयव्ही असलेल्यांत प्रतिसाद कमी मिळतो, म्हणून अनेक ठिकाणी दुप्पट डोस देतात, आणि एआरटी सुरू होऊन तब्येत सावरलेल्या मुलांना गोवराची लस पुन्हा टोचावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आधी टोचलेली लस वाया गेली असं आईला सांगताना जीवावर येतं, पण ते तसंच असतं. उपचार लवकर सुरू झाले तर स्मृती-बी-पेशी बऱ्यापैकी सावरतात. फार उशीर झाला तर व्हायरल लोड शून्यावर येऊनही ती तूट तशीच मागे राहते.

मिसिसिपीच्या मुलाला यातलं काहीच भोगावं लागलं नाही. त्याच्या कणगीत किडके दाणे मोजके होते, एवढंच.

जुलै २०१४

मूल चार वर्षांचं व्हायला आलं होतं. औषधाविना २७ महिने झाले होते. नेहमीच्या तपासणीत व्हायरल लोड आला १६,७५०. तीन दिवसांनी पुन्हा पाहिलं, १०,५६४. सीडी-४ पेशी कमी झालेल्या, आणि आता पहिल्यांदाच अँटिबॉडी हजर. शरीराला एचआयव्हीची ओळख चार वर्षांनी झाली. विषाणूचा जनुकीय क्रम आईच्या विषाणूशी जुळला, म्हणजे बाहेरून नवी लागण झालेली नव्हती. औषधं लगेच पुन्हा सुरू झाली.

सगळ्यांनी याला अपयश म्हटलं. मला यात एक जुना वाद मिटलेला दिसतो. खरी लागण झालीच नव्हती म्हणणाऱ्यांना जे उत्तर मुलाच्या निगेटिव्ह रिपोर्टांना देता आलं नाही, ते १६,७५० या एका आकड्याने दिलं. दोन कोटी पेशी तपासून जी सापडली नाही ती पेशी होती. बहुधा एखाद्या लसिकाग्रंथीत, कुठल्यातरी सर्दीने किंवा कुठल्यातरी लसीने जागी होईपर्यंत पडून असलेली. मग सत्तावीस महिनेच का लागले? प्रत्येक किडका दाणा कधीतरी जागा होण्याची शक्यता रोज थोडी-थोडी असते. लाखो दाणे असतील तर त्यातला एखादा आठवड्याभरात उगवतोच. दोन-पाचच असतील तर वाट बघावी लागते. लॉटरीची तिकिटं कमी, एवढाच फरक. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाचा अंदाज होता की बहुतेक रुग्णांना वर्षभर औषधाविना राहता यायला साठा सुमारे २,००० पटींनी आणि जन्मभर राहायला १०,००० पटींहून जास्त घटावा लागेल. बोस्टनमध्ये अस्थिमज्जा बदललेल्या दोन रुग्णांत साठा नेहमीच्या चाचण्यांना दिसत नव्हता, तरी औषध थांबवल्यावर एकाचा विषाणू १२ आठवड्यांनी आणि दुसऱ्याचा ३२ आठवड्यांनी परतला. मिलानमधल्या एका मुलाला जन्मल्यावर काही तासांतच औषध मिळालं होतं, अँटिबॉडीही निगेटिव्ह होत्या. तिसऱ्या वर्षी औषध थांबवलं, दोन आठवड्यांत विषाणू हजर. सगळ्यांचे कागद जवळजवळ सारखेच कोरे होते. कोऱ्या कागदामागे किती दाणे आहेत हे सांगणारी चाचणी कुणाकडे नव्हती.

मिसिसिपीच्या मुलामुळे एक काम मात्र सुरू झालं. जन्मल्यापासून ४८ तासांच्या आत औषध सुरू केलेल्या बाळांना अनेक देशांत वर्षानुवर्षं पाहणारा अभ्यास उभा राहिला. त्यातल्या सहा मुलांची औषधं, ती साधारण साडेपाच वर्षांची झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वारंवार रक्त तपासत थांबवली. मार्च २०२४ मध्ये पर्सो यांनी डेन्व्हरच्या परिषदेत निकाल सांगितले. दोन मुलांत विषाणू काही आठवड्यांतच परतला. चार मुलं ४८ आठवडे किंवा त्याहून जास्त काळ औषधाविना शांत राहिली. त्या चारांपैकी एकाच्या रक्तात ऐंशी आठवड्यांनी विषाणू पुन्हा दिसला. उरलेल्या तिघांचं रक्त तेव्हा अजून ठरल्या दिवशी काढलं जात होतं.